रोज एक अध्याय : लेवीयला येऊन गाडी अडते, तुमची पुढे कशी जाते?

जेलरोडकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत बसतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझे पप्पा गेल्या वर्षी गेले. सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये झाली. पहिली पाळी असली की पहाटे चहा गॅसवर ठेवायचे आणि तो होईपर्यंत पवित्र शास्त्रातला (बायबलमधला) एक अध्याय वाचायचे. चहा उतू गेला तरी अध्याय अर्धा टाकून उठायचे नाहीत. त्यावरून मम्मीचं आणि त्यांचं आयुष्यभर भांडण. अध्याय संपला की कडेला पेन्सिलीने तारीख.

त्यांचं लाडकं वचन मत्तय ६ मधलं. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तिथे कसर आणि जंग खाऊन टाकतात, चोर घर फोडतात, ते. दिवसभर डोळ्यांसमोरून नोटांचे ताव जाणाऱ्या आणि सुटताना झडती देऊन रिकाम्या खिशाने घरी येणाऱ्या माणसाने नेमकं हेच वचन धरावं म्हणून पाळीतले मित्र त्यांना चिडवायचे. २०१६ ला नोटबंदी झाली तेव्हा ते निवृत्त झालेले. शास्त्रात खूण म्हणून पाचशेची जुनी नोट घातलेली असायची. मम्मी म्हणाली, आता तरी बँकेत भरून या. पप्पा म्हणाले, "खूण म्हणून चालतेय ना अजून?" ती तशीच राहिली. शेवटची तारीख यहेज्केल ४१ ला आहे, नोटही तिथेच. दवाखान्यात पडल्या पडल्या हा माणूस मंदिराच्या भिंतींची 'हात' या एककातली मापं वाचत होता!

आता ते पुस्तक माझ्याकडे आलंय. १ जानेवारीला सुरुवात केली. रोज तीन अध्याय, रविवारी पाच, म्हणजे १,१८९ अध्याय वर्षात बसतात. उत्पत्ती झालं, निर्गम झालं (मंडपाचे पडदे आणि आकड्या येईपर्यंत मजेत), आणि महिना संपता संपता लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या १३व्या अध्यायाला गाडी रुतली. कातडीवरचे डाग, याजकाने सात दिवस कोंडून ठेवणं, कपड्यांवरची बुरशी. त्यानंतर तीन आठवडे पुस्तक उघडलेलं नाही. रोज सकाळी नजर जाते, आणि अपराधी वाटून मी वर्तमानपत्र उचलतो.

जे रोज वाचतात त्यांनी सांगा, कसं जमवता? आणि खरं विचारायचंय ते हे : वाचून काय बदलतं? पप्पांचं काहीतरी बदललेलं होतं एवढं दिसायचं. माझ्या डोक्यात मात्र फ्लॅटचा हप्ता आणि मुलीची फी यांच्यापलीकडचं काही शिरत नाही.

शरणपूरची_मावशी

बाळा, आधी तो तीन-तीन अध्यायांचा हिशेब बंद कर. ते वाचन नाही, पाळी भरणं आहे.

मी सत्तरीची आहे. सकाळी एक स्तोत्र आणि शुभवर्तमानातला एक परिच्छेद, बास. १५० स्तोत्रं आहेत, साडेपाच महिन्यांत पुन्हा पहिल्यावर. ११९वं आलं की त्याचे २२ तुकडे करते. ते लिहिणाऱ्यानेच इब्री मुळाक्षरांप्रमाणे आठ-आठ ओळींचे पाडलेत, आपण का एका दमात १७६ वचनं गिळायची? नीतिसूत्रांचे अध्याय ३१, महिन्याच्या तारखेप्रमाणे वाचता येतात. आमच्या ह्यांनी तसे वाचले. फेब्रुवारीत शेवटचे तीन राहतात म्हणून दर वर्षी कुरकुर करायचे, कारण ३१व्या अध्यायात सद्गुणी स्त्री आहे आणि तो माझ्यासमोर मोठ्याने वाचायची त्यांना हौस.

अनुस्वार

मी ख्रिस्ती नाही, पण धागा आवडला. आमच्याकडे गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण असतं, कुठे थांबायचं ते ठरलेलं, सोवळंओवळं ठरलेलं. तुमच्यात असे नियम नसतात का? की कोणी कुठूनही कितीही वाचावं?

वसईची_सून_नाशकात

@अनुस्वार, आम्हा कॅथलिकांत ठरलेलं असतं की. रविवारच्या मिस्साची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, रोजच्या मिस्साची दोन वर्षांच्या. म्हणजे आज नाशिकरोडला बाळ येशूच्या देवळात जे वाचलं जातं तेच वसईत माझी आई ऐकते. सासरी आल्यावर पहिली दोन वर्षं मला ह्याच एका गोष्टीचा आधार होता. फोनवर आई विचारायची, आजच्या वाचनात तुला काय लागलं? स्वयंपाकात काय केलंस हे नंतर.

जेलरोडकर, मठांमधली एक जुनी रीत आहे, बाराव्या शतकात एका मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवापाशी बसणं. मनन म्हणजे गाय रवंथ करते तसं. अख्खा अध्याय नाही, एखादंच वाक्य. मी डबे भरताना एक ओळ तोंडात घोळवते. कधी कधी डबा भलत्याच्याच पिशवीत जातो, तो भाग वेगळा.

आणि तुम्हा प्रॉटेस्टंटांचं बायबल ६६ पुस्तकांचं, आमचं ७३ चं, त्यामुळे हिशेब आमचाही कठीणच.

रोखठोक_नाशिककर

एक विचारू? रागावू नका. केंद्र सरकारची नोकरी, पेन्शन, जेलरोडला घर, आणि वर 'पृथ्वीवर संपत्ती साठवू नका'. हे म्हणणं सोपं आहे. हातावर पोट असणाऱ्याला सांगून बघा. आणि हा धर्मप्रचाराचा धागा आहे का, तेही एकदा स्पष्ट करा.

जेलरोडकर

@रोखठोक, प्रचार करायला आधी मला स्वतःला लेवीय ओलांडायला हवं हो.

पेन्शनचं म्हणणं मान्य. पप्पा काही वैरागी नव्हते. सोसायटीचं कर्ज काढून घर बांधलं, देवळालीच्या बाजारात बोंबलांच्या वाट्यावरून वाद घालायचे, माझ्या लग्नात बँडवाल्याचे दोनशे कापले. फरक एवढाच बघितला की गेलेल्या पैशाला ते रडले नाहीत. एका नातेवाइकाने उसने घेतलेले बरेच पैसे बुडवले. मम्मीने त्या घरी जाणं सोडलं. पप्पा दर नाताळला करंज्यांचा डबा घेऊन जायचे. मी विचारलं तर म्हणाले, "पैसे बुडाले ते बुडाले, माणूस कशाला बुडवू?" हे कुठून येतं, तेच मला शोधायचंय.

निफाडचा_बागवाला

मी माळकरी, हरिपाठवाला. पण बायकोच्या मैत्रिणीकडे योहानाचा १५वा अध्याय ऐकला तेव्हापासून डोक्यात बसलाय, म्हणून लिहितो. 'मी द्राक्षवेल, माझा बाप माळी, फळ देणारा फाटा तो छाटतो.' बाकीच्यांना दृष्टांत असेल, आमचा तो धंदा आहे.

आमच्याकडे वर्षात दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. नवखा माणूस म्हणेल माल ऑक्टोबरमध्ये ठरतो, घड तेव्हा दिसतात ना. खोटं. एप्रिलच्या छाटणीनंतर दीडदोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्याच्या आत घडाचा आकार धरला जातो. बाहेरून काही दिसत नाही, नुसता डोळा. त्या दिवसांत ऊन मिळालं नाही, पाणी-खत चुकलं, तर पुढे तुम्ही कितीही फवारा, घड येत नाही, नुसती बाळी (तणावा) निघते. म्हणून फळछाटणीच्या आधी आम्ही काड्या लॅबला नेऊन डोळे तपासून आणतो. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा चिरून बघतात आत घड आहे की नाही.

तुमचं रोजचं वाचन मला त्या मे महिन्यासारखं वाटतं. त्या दिवसांत बागेत येणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, हिरवा पाला आहे, बाकी काय?

शरणपूरची_मावशी

बागवाले दादा, आमच्या पाळकसाहेबांना ह्या योहान १५ वर इतकी वर्षं संदेश देताना ऐकलं, पण डोळा चिरून बघतात हे कोणी सांगितलं नव्हतं. येत्या रविवारी त्यांना सांगते.

गोदाकाठचा_वाचक

नाशिकचा आणि ह्या वाचनाचा संबंध जुना आहे, म्हणून थोडं अवांतर.

एक, लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८, आपल्याच नाशिकजवळच्या जलालपूरचा. नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो आगगाडीत, एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाकडून. डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचले आणि ते पुस्तक त्यांच्याने खाली ठेववेना. १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० मध्ये. मधली पाच वर्षं बाईंनी जे सोसलं ते त्यांच्याच शब्दांत वाचण्यासारखं आहे. नवऱ्याला जे पुस्तकात भेटलं ते आपल्याला स्वतः भेटेपर्यंत त्या हलल्या नाहीत, हे मला फार मोठं वाटतं. जेलरोडकर, पप्पांचा विश्वास पप्पांच्या पुस्तकासोबत आपोआप हातात येत नाही, हे तुम्हालाही जाणवत असेल.

दोन, शरणपूर. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जात, त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात इथल्या मिशनच्या शाळेत आणली गेली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे संशोधक डॉ. लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेतल्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले, सोबत्यांनी त्यांचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती वेनराइटने. वाचायला तो नाशकात शिकलेला होता. मग देह शेकडो मैल किनाऱ्यापर्यंत वाहून आणला, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत तोही होता. मी रोज शरणपूर रोडवर सिग्नलला अडकतो तेव्हा हा मुलगा आठवतो.

रोखठोक_नाशिककर

हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली. (माझा मूळ प्रश्न मागे घेतलेला नाही.)

कॉलेजरोडची_प्रिया

मला भाषेचा त्रास होतो. इंग्रजी माध्यमात शिकले. आजीचं मराठी शास्त्र उघडलं की 'सार्वकालिक', 'नीतिमान', 'ह्यास्तव'. 'सार्वकालिक जीवन' म्हणजे मेल्यानंतर कधीही न संपणारं आयुष्य ना? खरं सांगू, न संपणारं म्हटल्यावर मला थोडी भीतीच वाटते.

गोदाकाठचा_वाचक

प्रिया, भाषेची तक्रार तुझ्या आधी पंडिता रमाबाईंनी केली होती. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना कळेल असं शास्त्र हवं म्हणून त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. टाइप जुळवायला, छापायला तिथल्याच बायका. काम हातावेगळं करून १९२२ मध्ये गेल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्याहून मागे जायचं तर फादर स्टीफन्स. १६१६ साली त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली, जवळजवळ अकरा हजार ओव्या, कारण इथल्या लोकांचा कान ओवीचा. तेव्हा सोप्या मराठीतली आवृत्ती घेतलीस तर आजी रागावणार नाही.

शरणपूरची_मावशी

प्रिया बेटा, 'सार्वकालिक' शब्द आता आम्हा ख्रिस्ती मराठी लोकांशिवाय कोणी बोलत नाही, खरं आहे. पण अर्थ नुसता लांबीचा नाही. योहान १७:३ बघ. तिथे प्रभू स्वतः सांगतो सार्वकालिक जीवन म्हणजे काय : एकाच खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्या येशूला ओळखणं. ओळख काय मेल्यावर सुरू होते? ह्यांच्याशी माझी ओळख सत्तेचाळीस वर्षांची, ते जाऊन सहा वर्षं झाली, आणि अजून ती वाढतेच आहे. तशी ओळख संपू नये असं वाटण्यात भीती कसली.

सिन्नरफाटा

वाचून काय बदलतं, ह्या प्रश्नावर माझं एक. आई गेल्यावर तिच्या सोन्याच्या पाटल्यांवरून आम्हा दोघी बहिणींचं वाजलं. मला शब्द दिला होता, ताई म्हणते तिला. वर्षभर अबोला. माझं लूक चालू होतं, ओळीने, काही शोधत नव्हते. १२वा अध्याय आला. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा मला वतनाचा वाटा दे. आणि येशू म्हणतो, मला तुमचा वाटणी करणारा कोणी नेमला? मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. मी नेमकी हीच प्रार्थना वर्षभर करत होते की!

पुढे तो कोठारं मोठी बांधणारा श्रीमंत आहे, त्याच रात्री मरतो तो. पाटल्या ताईला देऊन आले.

आता साक्ष म्हणून इथे थांबायला हवं, पण थांबत नाही. लग्नकार्यात ताईच्या हातात त्या दिसल्या की अजून पोटात ढवळतं. बोलायला लागलोय, एवढं मात्र झालं. वाचनाने माझा राग नेला नाही, रागाला लगाम घातला.

रोखठोक_नाशिककर

@सिन्नरफाटा, ह्या धाग्यावरचा मला पटलेला पहिला प्रतिसाद. तोही 'अजून ढवळतं' म्हणालात त्यामुळे.

उपनगरचा_पोरगा

फोनवर ॲप घ्या काका. रोजचा भाग आपोआप येतो, सलग दिवस मोजतो, ऐकताही येतं. माझे २१२ दिवस झालेत.

वसईची_सून_नाशकात

२१२व्या दिवशी काय वाचलंस रे?

उपनगरचा_पोरगा

... बघून सांगतो.

निफाडचा_बागवाला

😂 हलके घे भाऊ. आमच्याकडेही हरिपाठ म्हणता म्हणता बाजारभाव चालू असतो डोक्यात. पण म्हणायचं सोडत नाही.

अनुस्वार

टिळक स्वतःच म्हणत ना, की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेले? हा धागा वाचताना तो पूल दोन्ही बाजूंनी चालू असल्यासारखा वाटतोय.

देवळाली_कॅम्प

जेलरोडकर, लेवीयपुरता उपाय. मंडळीत मला एका शिक्षकबाईंनी सांगितला. लेवीय १३ वाचलं की लगेच मार्क १:४० वाचा. कुष्ठरोगी येतो, आणि येशू हात पुढे करून त्याला शिवतो. लेवीयमधले ते डाग, छावणीबाहेर राहणं, 'अशुद्ध, अशुद्ध' ओरडत जाणं, हे सगळं ठाऊक नसेल तर त्या एका स्पर्शाचं मोल कळत नाही. मग त्या कंटाळवाण्या अध्यायाला एक माणूस मिळतो. दर अध्यायाला अशी जोडी सापडेलच असं नाही. गणना या पुढच्या पुस्तकातल्या याद्या मी सरळ भरभर वाचते, देव क्षमा करो.

जेलरोडकर

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मावशी, हिशेब सोडला. देवळाली_कॅम्प, मार्क १ वाचलं, दोनदा.

आता एक गंमत सांगतो. पप्पांच्या पुस्तकाला कसर लागलीय. खरोखरची, ती चंदेरी, कागद खाणारी. मत्तय ६ ला शिवलेली नाही, १ इतिहासातल्या वंशावळींत मात्र भोकं पडलीत. काल रात्री पानं झटकायला आणि उन्हात ठेवायच्या आधी नीट बघायला घेतलं. तेव्हा पहिल्यांदा कडेच्या तारखा ओळीने वाचल्या. पहिली फेरी सुरू झाली १ जानेवारी १९८४. रोज एक, एकही दिवस चुकलेला नाही. लेवीय १३ पाशी १२ एप्रिल १९८४.

लेवीय १४ पाशी तारीख आहे ६ ऑक्टोबर १९८५.

मी मम्मीला उठवून विचारलं, ह्या दीड वर्षात काय झालं होतं? मला वाटलं आजारपण असेल, संप असेल, काहीतरी मोठं. मम्मी झोपेतच म्हणाली, "काय व्हायचंय? तेव्हा पत्ते खेळायचा नाद लागला होता त्यांना. रात्री एकला यायचे, सकाळी कोण वाचतंय?"

मग परत कसे लागले विचारलं तर तिला आठवत नाही. उत्पत्तीपासून पुन्हा सुरुवात केली नव्हती, एवढं तारखांवरून दिसतंय. सरळ १४.

पाचशेची नोट यहेज्केलातच ठेवलीय, ती त्यांची जागा. माझ्यासाठी विजेच्या बिलाची घडी घातली. आज सकाळी चहा ठेवला आणि लेवीय १४ काढलं. भिंतीवरच्या बुरशीचा अध्याय आहे, आमच्या बाथरूमच्या भिंतीसारखाच. चहा उतू गेला.